‘दिवसभर घरीच तर असतेस’

पिंपरी-चिंचवडमधल्या एका वाचक मैत्रिणीचं पत्र आलं आहे. वय ३३. मोठी मुलगी साडेचार वर्षांची, ज्युनिअर केजीत जाते. धाकटा चौदा महिन्यांचा. मायक्रोबायोलॉजीत एमएस्सी करून त्यांनी एका औषध कंपनीच्या क्वालिटी कंट्रोलमध्ये सहा वर्षं नोकरी केली. मुलीच्या वेळी रजा संपल्यावर त्या पुन्हा कामावर रुजू झाल्या. मुलाच्या वेळी मात्र दोघांचं कसं निभावणार म्हणून राजीनामा दिला. पती चाकणला कारखान्यात शिफ्टमध्ये काम करतात. सासू-सासरे कराडजवळ गावी असतात, शेतीमुळे त्यांना येऊन फार दिवस राहता येत नाही. माहेरी वडिलांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, त्यामुळे आईही अडकलेली.

त्या लिहितात की दिवसभर घरात असूनही एक काम धड पुरं होत नाही. मागच्या मंगळवारी दुपारी मुलीच्या हातून दुधाचा पेला सांडला, धाकटा त्यात थपाथप हात मारू लागला आणि त्यांनी मुलीला जोरात चापट मारली. रडून झाल्यावर मुलगी जवळ येऊन म्हणाली, ‘आई, मी आता शहाण्यासारखी वागेन.’ तेव्हापासून त्यांना झोप लागत नाही. पतींना सांगितलं तर ते म्हणाले, ‘दिवसभर घरीच तर असतेस, एवढं काय झालं चिडायला?’ सासूबाई फोनवर म्हणाल्या, ‘आम्ही चार-चार वाढवली, शेतातलं करून.’ त्यांचा प्रश्न असा : मी वाईट आई आहे का? पुन्हा नोकरी धरू, की धाकटा तीन वर्षांचा होईपर्यंत कसंबसं रेटू? पत्र ‘आणि अजून एक’ एवढं लिहून तुटलं आहे. खाली ‘बाळ उठलं’ असे दोन शब्द आहेत.

प्रिय मैत्रिणी,

वयाने तू माझ्या मुलीएवढी आहेस, म्हणून एकेरीत लिहिते.

तुझं पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा लेकीच्या वाक्यापाशी थांबले. साडेचार वर्षांच्या मुलीने मार खाऊन वर आईची समजूत काढावी, हे तुला लागलं. लागायलाच हवं होतं. म्हणून नोकरीचं, नवऱ्याचं, सासूबाईंचं सगळं नंतर बघू. आधी तिच्याशी बोल. आठवडा उलटून गेला, आता कशाला उकरून काढायचं, असं वाटेल. तरी बोल. रात्री ती कुशीत आली की सांग, ‘त्या दिवशी दूध सांडलं तेव्हा मी तुला मारलं, ते माझं चुकलं. दूध सांडलं तर पुसायचं असतं, मारायचं नसतं.’ बास. पुढे ‘पण तू पण ना’ असं काही जोडू नकोस. ‘पण’ आला की मुलांना त्याच्या पुढचंच ऐकू जातं. आणि दुसऱ्या दिवशी ओट्याशेजारी तिच्या हाताला येईल अशा खुंटीवर तिचं स्वतःचं एक फडकं टांग. सांडलं की ती पुसेल, तू उरलेलं पुसशील. शहाणी होण्याचं ओझं तिच्या डोक्यावर राहणार नाही आणि काहीतरी करता आल्याचा आनंदही मिळेल.

तू वाईट आई आहेस का? नाही. मुलांवर हात उगारणं चूक आहे, ते मी गुळमुळीत करून सांगणार नाही, आणि तुलाही ते माहीत आहे म्हणूनच तर पत्र लिहिलंस. पण त्या मंगळवारचा तू लिहिलेला दिवस मी बोटांवर मोजला. रात्री नवरा सेकंड शिफ्ट करून साडेबाराला आला, त्याचं ताट वाढलंस. त्यानंतर धाकटा तीनदा उठला. साडेपाचला तू उठलीस, कारण शाळेची व्हॅन पावणेआठला येते. आणि दुपारी दीड वाजता दूध सांडलं तेव्हा तुझ्या पोटात सकाळचा चहा आणि लेकीने अर्धी टाकलेली पोळी एवढंच होतं. उपाशी, झोप न झालेल्या, एकट्या माणसाला स्वतःला आवरायला फार कष्ट पडतात. मारलं ते यामुळे माफ होत नाही. पण उपाय कुठे करायचा ते कळतं. ‘उद्यापासून चिडणार नाही’ असा निश्चय करून काही होणार नाही. दीडच्या आधी तुला जेवावं लागेल. धाकट्याला मऊ भात भरवतेस तेव्हाच तुझं ताट शेजारी घे, गार झालं तरी घे. मुलं जेवल्यावर आई जेवते ही आपल्या घरांतली रीत या दोन-तीन वर्षांसाठी बाजूला ठेव.

आणि राग अगदी कपाळात गेला तर धाकट्याला पाळण्यात किंवा पडता येणार नाही अशा जागी ठेव, मोठीला सांग, ‘आईला राग आलाय, आई तोंड धुऊन येते,’ आणि खरंच तोंड धुऊन ये. सुरक्षित जागी ठेवलेलं बाळ दोन मिनिटं रडलं तर त्याला काही होत नाही. उलट मोठीला दिसतं की राग आल्यावर काय करायचं असतं.

आता त्या ‘घरीच तर असतेस’कडे येते. माझा मुख्य आक्षेप या वाक्याला आहे. आणि दुःख याचं की नवऱ्याआधी ते तू स्वतःच म्हटलंयस. पत्राच्या पहिल्याच ओळीत तू लिहिलंस, ‘सध्या काही करत नाही, घरीच असते.’

घरी असणं म्हणजे काय, ते माझ्या वयाच्या बायकांना आता कळतं, मुलं आपापल्या वाटेला लागल्यावर. सकाळी चहाचा कप घेऊन खिडकीशी बसता येतं, ते घरी असणं. तू घरी नसतेस. तू कामावर असतेस, आणि त्या कामाची जागा तुझं घर आहे एवढंच. केंद्र सरकारच्या सांख्यिकी कार्यालयाने २०२४ मध्ये लोकांचा वेळ कुठे जातो याची देशभर पाहणी केली. घरकाम करणाऱ्या बायकांचा त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं वेळ जातो, म्हणजे जवळजवळ पाच तास. जे पुरुष घरकाम करतात त्यांचा ८८ मिनिटं. घरातल्या माणसांची देखभाल यात धरलेली नाही, ती वेगळी मोजली आहे : ती करणाऱ्या बायकांची १३७ मिनिटं, पुरुषांची ७५. ही सगळ्या वयांच्या बायकांची सरासरी आहे, ज्यांची मुलं मोठी झालीत त्यांचीही. दोन लहान मुलांच्या आईचा आकडा कुठे जाईल, ते तूच मोज.

पण मिनिटं मोजूनही तुझा थकवा पुरता कळणार नाही. तुझं काम सलग होत नाही, ही खरी पिडा आहे. कणीक भिजवायला घेतली की धाकट्याची शी. ती धुऊन आलीस तर मोठीच्या बाहुलीचा हात निघालेला. तो बसवेपर्यंत कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहिल्या. संध्याकाळी मागे वळून बघावं तर ‘हे मी आज केलं’ असं बोट ठेवायला काही नसतं, कारण पुसलेली फरशी पुन्हा माखलेली असते आणि भरवलेलं पोट पुन्हा रिकामं झालेलं असतं. लॅबमध्ये तू सँपल घ्यायचीस, प्लेट लावायचीस, ठरलेल्या वेळी वाचायचीस, नोंद करून सही करायचीस. तिथे काम संपत होतं. सहा वर्षं तशा कामाची सवय झालेल्या बाईला हे न संपणारं काम जास्त जड जाणार. तू आळशी आहेस की काय, असा प्रश्न तुला पडलाय त्याचं उत्तर इथे आहे.

सासूबाई म्हणाल्या ते खोटं नाही. त्यांनी खरंच वाढवली असतील चार मुलं, शेतातलं करून, चुलीवर रांधून. त्या कष्टांचा अपमान करण्याचं माझं धाडस नाही. पण त्यांच्या वाक्यातला ‘आम्ही’ नीट ऐक. त्या ‘मी’ म्हणाल्या नाहीत. आमच्या घरी माझ्या आजीने सहा मुलं वाढवली असं कौतुकाने सांगत. लहानपणी मीही ऐकायचे. मोठी झाल्यावर एकदा मोठ्या मावशीने सांगितलं की तिसरीनंतर तिची शाळा सुटली, कारण पाठच्या भावंडांना कडेवर कोण घेणार? आजीच्या सहा मुलांपैकी तीन तरी मावशीने वाढवली, आणि त्याची किंमत तिच्या अक्षरओळखीने दिली. मावशीला शेवटपर्यंत औषधाच्या बाटलीवरचं नाव लावून लावून वाचावं लागे. ‘पूर्वी कसं जमायचं’ असं कुणी म्हटलं की मला ती दिसते.

ही एका घरातली गोष्ट नव्हती. लहान मुलांच्या शिक्षणासाठी आयुष्य दिलेल्या ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये डहाणूजवळच्या बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं, अनुताई वाघ त्यांच्याबरोबर होत्या, आणि पुढे ते काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. तिथे त्यांना दिसलं की वारली पाड्यांवरच्या मुली शाळेत येत नाहीत, कारण आई-बाप कामावर गेले की धाकटी भावंडं त्यांच्याच गळ्यात. मुलींना ‘भावंडं घरी ठेवून या’ असं सांगून भागणार नव्हतं. म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि शाळा तिन्ही एकाच ठिकाणी ठेवली, आणि त्याला नाव दिलं विकासवाडी. बाळ पाळणाघरात, ताई शेजारच्या वर्गात. इतक्या वर्षांपूर्वी त्या दोघींनी जे ओळखलं ते तुझ्या टू-बीएचकेतही तितकंच खरं आहे. मूल वाढवायला एकाच माणसाचे दोन हात पुरत नाहीत. पूर्वीही पुरत नव्हते. तेव्हा उरलेले हात आजीचे, जावेचे, नणंदेचे, शेजारणीचे आणि शाळा सुटलेल्या थोरल्या मुलीचे असायचे.

सासूबाईंना हे उत्तर म्हणून फेकू नकोस. त्यांना मनापासून विचार, ‘आई, तुम्ही शेतावर जायच्या तेव्हा ह्यांना कोण सांभाळायचं?’ त्या सांगतील. नावं घेतील. सांगता सांगता त्यांच्याच लक्षात येईल की तुझ्याजवळ त्यातलं कुणी नाही. मग ऊस गेला की पंधरा दिवस येऊन राहाल का, असं विचार. आल्या की स्वयंपाकघर त्यांच्या हाती देऊ नकोस, नाहीतर त्या पोळ्या लाटत बसतील आणि मुलं पुन्हा तुझ्याच पायात. स्वयंपाक तू कर, नातवंडं त्यांना दे. त्या वयाच्या बाईकडे जी निवांत मांडी असते ती तुझ्याकडे सध्या नाही, आणि मुलांना तीच हवी असते.

नवऱ्याशी बोलायचं, पण तो दारात चपला काढत असताना नाही. आठ तास मशीनच्या आवाजात काढून, बसने घरी आलेला माणूसही दमलेला असतो, आणि रात्रपाळीच्या आठवड्यात तर त्याला दिवसाची झोप मिळायलाच हवी. हे तूही मान्य कर. दमण्याची चढाओढ लावलीत तर दोघंही हराल. सुट्टीच्या दिवशी, मुलं झोपल्यावर, दोघं समोरासमोर बसा. ‘तू काहीच करत नाहीस’ या वाक्याने सुरुवात केलीस तर तो केलेल्या कामांची यादी वाचेल. ‘मला मदत कर’ असंही म्हणू नको. मदत शेजाऱ्याची घेतात. तो त्या मुलांचा बाप आहे.

त्याच्याकडून एकच गोष्ट माग, तीही ठरलेल्या तासांत. भिंतीवरच्या कालनिर्णयवर त्याच्या शिफ्ट लिहिलेल्या असतीलच, तिथेच या तासांवर गोल कर. फर्स्ट शिफ्टच्या आठवड्यात तो दुपारी येतो, झोपतो. मग साडेपाच ते सात मुलं त्याची. सेकंड शिफ्टच्या आठवड्यात सकाळी नऊ ते साडेदहा. रात्रपाळीत काही नको. आणि सुट्टीच्या दिवशी सकाळपासून जेवणापर्यंत.

या तासांत तू घरात थांबू नकोस. थांबलीस तर धाकटा तुझ्याकडेच धावेल, नवरा ‘याचं झबलं कुठंय’ विचारेल, तू ‘सोड, मीच करते’ म्हणशील आणि दीड तास गेला. चपला घाल आणि बाहेर पड. बागेत बाकावर बस, मैत्रिणीला फोन कर, वाचनालयात जा, नुसती चाल. भाजी आणू नकोस. जाताना त्याला सूचनांची यादीही देऊ नकोस. पहिल्या दिवशी तो मुलाला उलटा शर्ट घालेल आणि बिस्किटांवर निभावेल. घालू दे. तुलाही डायपर लावायला कुणी शिकवलं नव्हतं, हात चालवून आलं. ही गोष्ट मी जरा ठासून सांगते, कारण हे तास मिळूनही ते मुलांच्या कपड्यांच्या घड्या घालण्यात घालवणाऱ्या बायका मी खूप पाहिल्या आहेत. मीही तेच केलं. माझ्या मुलांच्या लहानपणी दुपारचा एक तास मला मिळत असे आणि मी डबे घासत बसे. आजही वाटतं, त्या वेळी थोडं बसायला हवं होतं.

घरातलं काय सोडायचं ते तू ठरव. रोजची इस्त्री, दोन भाज्या, बैठकीत एकही खेळणं न दिसणं यांतलं काहीही सोडलं तरी कुणाचं अडत नाही. पोळ्यांना बाई परवडत असेल तर आधी ती लाव. भांड्यांना मावशी असतील आणि पोळ्यांना नसतील तर हिशेब पुन्हा मांड, कारण गरम तवा आणि रांगतं मूल एकाच वेळी सांभाळणं सगळ्यात धोक्याचं.

मोबाइलबद्दल तू अपराध्यासारखं लिहिलंस. स्वयंपाकाच्या वेळी दोघांना कार्टून लावून देतेस. दोन वर्षांखालच्या मुलांना पडदा नकोच आणि दोन ते पाच वर्षांच्या मुलांना दिवसात तासाभराच्या वर नको, असं भारतातले बालरोगतज्ज्ञही सांगतात. म्हणजे मोठीला अर्धा तास लावून दिलंस तर मनाला लावून घेण्यासारखं काही नाही. धाकट्यासाठी मात्र दुसरं काही कर. ओट्याखालचं एक कपाट त्याचं करून टाक : स्टीलच्या वाट्या, चमचे, प्लास्टिकचे डबे, जुनी चाळणी. वरच्या कप्प्यांना कड्या लाव, फिनेल-अॅसिड उंच ठेव. चौदा महिन्यांच्या मुलाला डब्यावर डबा ठेवण्यापेक्षा मोठा खेळ नसतो. मोठीला मटार सोलायला बसव, कोथिंबीर निवडायला दे. निम्मे दाणे तोंडात जातील, जाऊ देत. ताराबाईंच्या बालवाडीतही गवत, पानं, शिंपले, दगड, मुलांच्या भोवतालची हीच सामग्री असायची. महागड्या खेळण्यांचा खर्च यात वाचतो ते वेगळंच. एक सांगते, पाण्याच्या खेळाला मुलं खूप रमतात, पण भरलेल्या बादलीजवळ धाकट्याला क्षणभरही एकटं सोडू नकोस. वापर झाला की बादली रिकामी करून पालथी घाल.

मोठी रात्री पुन्हा अंथरूण ओलं करायला लागलीय आणि धाकट्याची बाटली मागते, असं तू ओझरतं लिहिलंस. भाऊ आल्यावर आणि तो चालायला, सगळ्यांचं लक्ष वेधून घ्यायला लागल्यावर चार वर्षांची मुलं असं मागे जातात. तिला रागावू नकोस. दिवसातली पंधरा मिनिटं फक्त तिला दे, धाकटा झोपलेला असताना, फोन दुसऱ्या खोलीत ठेवून. ती सांगेल ते खेळ. ताप किंवा लघवीला जळजळ असं काही असेल तर मात्र डॉक्टरांना दाखव.

आता तुझ्या शरीराकडे. गेल्या सहा वर्षांत दोन बाळंतपणं झाली, अजून अंगावर पाजतेस, आणि शेवटचं रक्त कधी तपासलंस ते तुला आठवत नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांना रक्तक्षय आढळला होता. थकवा, चिडचिड, जिना चढताना धाप, हे सगळं त्यातूनही येतं. बाळंतपणानंतरच्या वर्षात थायरॉइडही बिघडू शकतो आणि त्याचं रूप हुबेहूब असंच असतं. याच आठवड्यात हिमोग्लोबिन, थायरॉइड आणि बी-१२ तपासून घे. गोळ्यांनी बरं होणाऱ्या गोष्टीसाठी वर्षभर स्वतःच्या स्वभावाला दोष देत बसू नकोस.

आणि झोप. बाळ झोपलं असतानाही तुला झोप लागत नाही, असं लिहिलंस. यावर मी थोडी थांबते. बाळंतपणानंतरचं नैराश्य फक्त चाळीस दिवसांत येतं असं नाही, वर्षभरात कधीही सुरू होऊ शकतं आणि उपचार न केल्यास लांबतं. दोन आठवड्यांहून जास्त दिवस मन उदास असेल, कशातच गोडी वाटत नसेल, मुलांना घेतानाही हात यंत्रासारखे चालत असतील, ‘मी नसते तर बरं झालं असतं’ असं मनात येत असेल, तर ही चिडचिड नव्हे, आजार आहे. नवऱ्याला सांग आणि डॉक्टरांकडे जा. अंगावर पाजत असतानाही घेता येतात अशी औषधं असतात, डॉक्टर बघून देतात. सरकारची टेली-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत आहे, मराठीतही बोलता येतं. स्वतःला किंवा मुलांना इजा करण्याचा विचार आला तर क्षणभरही एकटी राहू नकोस, शेजारणीचं दार वाजव आणि त्याच वेळी दवाखाना गाठ. हे वाचणाऱ्या ज्या ज्या बाईला यातलं काही ओळखीचं वाटलं, तिच्यासाठीही हे लिहिते आहे.

राहिला नोकरीचा प्रश्न. तू दोनच वाटा ठेवल्यास : नोकरी धरायची, नाहीतर तीन वर्षं रेटायचं. मला वाटतं, आत्ता या घडीला तू यांतलं काहीच ठरवू नयेस. सध्या तुला जे हवंय ती सुटका आहे. सुटकेसाठी धरलेली नोकरी महिन्याभरात तितकीच जड होईल, कारण घरातलं काम कुणी वाटून घेतलेलं नसताना तू आठ तास बाहेर जाशील आणि परतून हेच सगळं करशील. आधी वर लिहिलेले तास दोन महिने चालवून बघ. रक्त तपास, झोप भरून काढ. मग स्वतःला विचार, की लॅबची आठवण येते का. येत असेल, हात शिवशिवत असतील, तर मुलं लहान आहेत म्हणून मागे राहू नकोस. आणि मनापासून मुलांजवळ राहावंसं वाटत असेल तर एवढं शिकून घरी बसलीस म्हणणाऱ्यांची पर्वा नको. दोन्ही निर्णय मान ठेवण्यासारखे आहेत.

मधली वाटही आहे. धाकट्याला आत्तापासून दोन-तीन तास पाळणाघरात ठेवून बघ. नोकरी नसताना पाळणाघर कशाला, असं घरचे म्हणतील. सांग, नोकरी धरल्यावर एकदम नऊ तास ठेवण्यापेक्षा हे मुलाला सोपं जातं. पाळणाघर निवडताना भिंतीवरच्या चित्रांना भुलू नकोस. एका बाईकडे किती मुलं, मूल रडलं तर ती काय करते, न्हाणीघराचं दार बंद असतं का, तुझ्याशिवाय कुणाच्या हाती मूल देतात, हे विचार. दुपारी तीनला न सांगता एकदा जाऊन ये. पहिले चार दिवस त्याच्याजवळ बस.

पाळणाघराचा खर्च वजा करता माझ्या पगारात उरणार काय, असं तू लिहिलंस. हा खर्च एकट्या तुझ्या पगारातून का वजा करतेस? मूल दोघांचं आहे, खर्च दोघांच्या पगारातून वजा कर. शिवाय मधे गेलेल्या प्रत्येक वर्षाने पुढचा पगार, पीएफ आणि अनुभव कमी होतो, तोही हिशेबात धर. जुन्या सहकाऱ्यांपैकी एकीला आत्ताच फोन करून ठेव, लॅबमध्ये काय नवीन आलंय ते समजून घे. मुलाखतीत पाळणाघराबद्दल विचारायला लाजू नकोस. प्रसूती लाभ कायद्यात २०१७ मध्ये आलेला आणि आता सामाजिक सुरक्षा संहितेत असलेला नियम असा, की ५० किंवा त्याहून जास्त कर्मचारी असतील तिथे पाळणाघराची सोय असायला हवी आणि आईला दिवसातून चार वेळा मुलाजवळ जाऊ द्यायला हवं.

घरीच राहायचं ठरवलंस तर दर महिन्याला तुझ्या नावाच्या खात्यात ठरलेली रक्कम यायला हवी, मागायला न लागता. जानेवारी २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अपघाताच्या भरपाईच्या एका निकालात म्हटलं की गृहिणी काम करत नाहीत किंवा घराला आर्थिक हातभार लावत नाहीत ही समजूत सदोष आहे आणि ती मागे टाकायला हवी. बाई गेल्यावर तिच्या कामाची किंमत न्यायालय काढतं. ती घरात हिंडती-फिरती असताना घरच्यांनी काढावी, असं मला फार वाटतं. नवऱ्याला हे वाचून दाखव. तो वाईट माणूस आहे असं तुझ्या पत्रावरून मला कुठेच वाटलं नाही, त्याने तुझा दिवस पाहिलेला नाही इतकंच. सुट्टीच्या दिवशी अर्धा दिवस मुलं एकट्याने सांभाळली की पाहील.

तुझं पत्र ‘आणि अजून एक’ वर तुटलं. बाळ उठलं आणि ते अजून एक राहूनच गेलं. पहिल्या दीड तासाला बाहेर पडलीस की कुठेतरी सावलीला बस आणि ते काय होतं ते मला लिहून पाठव.